पांढरी एकचा पंचम

“पोरी, वर पिठाची गिरणी टाकलीस काय गं?”

जिन्याच्या शेवटच्या पायरीवर चाची उभी होती आणि तिच्या हातात झाकलेलं पातेलं होतं. चाचीला तक्रार करायची असली की ती रिकाम्या हातानं कधी यायची नाही. मोरीचं पाणी खाली गळलं तेव्हा गुळाच्या पोळ्या आल्या होत्या. माझ्या ओल्या साड्या चाचांच्या लाकडावर ठिबकल्या तेव्हा रव्याचे लाडू. त्या रविवारी शेवयांची खीर होती आणि वर बदामाचे काप. मी ओळखलं, प्रकरण गंभीर आहे.

“गिरणी नाही चाची, ह्यांचा डबा आहे,” मी म्हणाले आणि आतल्या खोलीकडे बोट दाखवलं.

डबा म्हणजे सबवुफर. माझा नवरा भरतेश कुपवाडच्या एका फाउंड्रीत सुपरवायझर. दिवसभर यंत्रांच्या दणदणाटात उभा राहणारा माणूस. अशा माणसाला घरी आल्यावर शांतता हवी की नको? ह्याला घरीही धडधड लागायची. दिवाळीला त्यानं तो काळा डबा आणला आणि टीव्हीशेजारी जमिनीवर ठेवला. सिनेमात कुणी नुसतं दार आपटलं तरी माझ्या फडताळातल्या बश्या वाजायच्या. “बेस बघ गं, बेस,” असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं ऐकवायचा, जसं काही बाळाचे पहिले दात दाखवतोय. लग्न ठरवताना ह्या डब्याबद्दल मला कुणी काही बोललं नव्हतं.

त्या डब्याचा प्लग तीन पिनांचा होता. आमच्या खोल्यांत तीन पिनांचं सॉकेट एकच, आणि तिथं माझा मिक्सर. मी दोन पिनांचा एक छोटा कन्व्हर्टर आणून डब्याची दुसरीकडे सोय लावून टाकली. ह्यावरून आमच्यात काही वाद झाला नाही, कारण भरतेशला ते कळलंच नाही.

“खाली वीस-बावीस तंबोरे टांगलेत,” चाची सांगत होती. “वर तुझा नवरा बटण दाबतो आणि खाली सगळे आपोआप गुणगुणायला लागतात. परवा मी एकटीच होते घरात. म्हटलं, जिन शिरला!”

हे घर मिरजेत, वाद्यं करणाऱ्यांच्या गल्लीत. दस्तगीरचाचा आणि हमीदाचाची खाली राहायचे. पुढच्या मोठ्या खोलीत चाचांचं तंबोरे करायचं काम. त्या खोलीचं छत लाकडी फळ्यांचं. त्यांचं जे छत तीच आमची जमीन. भरतेशचा डबा म्हणजे सरळ चाचांच्या डोक्यावर बसलेला होता.

भरतेश बनियनवर बाहेर आला, कान पकडले, आवाज बंद केला आणि खीर खायला बसला. आम्ही जैन, म्हणून चाचीनं आमच्यासाठी एक पातेलं वेगळं ठेवलं होतं. त्याच्या झाकणाच्या मुठीला लाल दोरा बांधलेला. ते पातेलं तिच्या घरातल्या दुसऱ्या कशाला कधी लागलं नाही. आम्ही तिला असं कधी सांगितलंही नव्हतं.

पातेलं घासून मी खाली द्यायला गेले. चाचा मांडी घालून बसले होते. पुढ्यात तंबोरा, हातात बारीक कानस. तारा ज्या पट्टीवरून जातात तिला घोडी म्हणतात. ती घोडी केसभर घासायची, तार छेडून ऐकायचं, पुन्हा केसभर घासायचं. असं करत करत तार नुसती वाजायची सोडून गुंजायला लागते. ह्याला जवारी म्हणतात, आणि ती डोळ्यानं जमत नाही, कानानंच जमते. मिरजेत अनेक जण तंबोरे करायचे, पण जवारीसाठी लोक आपले तंबोरे काखोटीला मारून चाचांकडे यायचे.

“माफ करा चाचा, पुन्हा असं होणार नाही,” मी म्हणाले.

“डब्याचं सोड गं. रविवारचे दोन तास.” त्यांनी दाराकडे बघितलं, चाची आत आहे ना ह्याची खात्री केली. “तू दवाखान्यात आहेस ना?”

“दवाखान्यात म्हणजे रक्त तपासायच्या लॅबमध्ये. का हो?”

“कान तपासायचं मशीन असतं म्हणे.”

“असतं की. कुणाचा तपासायचाय?”

चाचांनी एक तार छेडली. “हा पंचम. ऐक. कसा आहे?”

मला तो छान वाटला. तसं म्हणाले.

“तुला छान वाटणारच. हा डुलतोय, पोरी. सरळ उभा राहत न्हाई. पांढरी एक लावली की पंचम डुलायला लागतो, पिऊन आलेल्या माणसागत. घोडी तीनदा बदलली. तारा बदलल्या. पंखा बंद करून बघितला. दिवाळीपासून हेच चाललंय.” त्यांचा आवाज खाली गेला. “तंबोऱ्यात खोट न्हाई. माझा कान गेलाय.”

पांढरी एक म्हणजे पेटीची पहिली पांढरी पट्टी, तिच्यावर सूर धरून लावलेला तंबोरा. धारवाडच्या एका गाण्याच्या मास्तरांनी त्या सुरातली जोडी सांगितली होती. गवयाच्या मागे दोन तंबोरे लागतात आणि दोन्ही एका जिवाचे लागतात. जोडीतला पहिला दसऱ्याला तयार झाला होता. दुसरा असा डुलत बसला होता.

“लाईट गेली की बरा लागतो,” चाचा म्हणाले. लोडशेडिंगचे दिवस होते, रोज तीन-चार तास वीज नसायची. “अंधारात कान जरा तिखट होत असेल. लाईट आली की पुन्हा तेच. हमीदाला बोलू नकोस. रथसप्तमीला मास्तर येणार. त्याआधी जमलं तर जमलं, न्हाईतर त्यांना हात जोडून सांगायचं आणि हत्यारं इलियासला देऊन टाकायची. ज्याला कान न्हाई त्यानं घोडीला हात लावू नये.”

इलियास त्यांचा पुतण्या, हुबळीला त्याचं दुकान होतं. माणूस भला होता, पण मला रागच आला. म्हटलं, “काही देऊन टाकायचं नाही. बुधवारी माझ्याबरोबर यायचं.”

बुधवारी चाची बाजारात गेल्यावर आम्ही दोघं चोरासारखे निघालो. आमच्या लॅबच्या वरच्या मजल्यावर कानाचा विभाग होता. तिथल्या मुलीनं चाचांना काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर ते मोठं यंत्र चढवलं आणि सांगितलं, “बाबा, शिट्टी ऐकू आली की बोट वर करा.”

चाचांनी दोन-चारदा बोट वर केलं आणि मग खुणेनं तिला आत बोलावलं.

“बाळ, तुझी तिसरी शिट्टी चढी आहे.”

“म्हणजे?”

“म्हणजे बेसूर आहे. पहिल्या दोन सुरात आहेत. तिसरीला जरा उतरव.”

ती पोरगी माझ्याकडे बघायला लागली आणि मला हसू आवरेना. रिपोर्टमध्ये आलं, वयाच्या मानानं कान उत्तम. मला वाटलं मिटलं. पण रिक्षात चाचांनी तो रिपोर्ट घडी करून खिशात कोंबला.

“त्या मशीनला काय कळतंय,” ते घर जवळ आल्यावर म्हणाले. “ते विचारतं, ऐकू येतं का. मला ऐकू येतंच की. नको ते ऐकू येतंय, हे माझं दुखणं.”

मी भरतेशला सगळं सांगितलं. तो तसा मनानं लोणी. लगेच खाली गेला आणि म्हणाला, “चाचा, डबा मी बांधून माळ्यावर टाकतो. तुमचं काम होईपर्यंत नको.”

“आठवड्यातून एक दिवस तुझी सुट्टी,” चाचा म्हणाले. “मी घरमालक आहे, जेलर न्हाई. फक्त तो थरकाप खाली येऊ नये असं काहीतरी करू या. वाजायला माझी ना न्हाई, थरथरायला आहे. रविवारी वर येतो.”

झालं. रविवारी चाचा वर आले ते हातात सागवानी फळी आणि दोन भोपळे घेऊन. तंबोऱ्याचे भोपळे, वाळवून टणटणीत झालेले, मधोमध कापून त्यांच्या चार वाट्या केलेल्या. म्हणाले, “डबा जमिनीला चिकटलाय म्हणून हादरा खाली जातो. त्याला पाय करू. आपल्या घरात दुसरं काय आहे, लाकूड आणि भोपळा!” भरतेशला कल्पना फारच आवडली. दोघांनी चार वाट्या उपड्या ठेवल्या, त्यावर फळी, फळीवर डबा. तासभर खपून सगळं पाणसळीत आणलं. मग भरतेशनं मारामारीचा एक सिनेमा लावला.

अहो, काय सांगू! पहिलाच ठोसा पडला आणि फडताळातल्या दोन बश्या खाली आल्या. गल्लीतली कुत्री भुंकायला लागली. समोरच्या घरातून कुणीतरी ओरडून विचारलं, बोअर मारायची गाडी आली काय? खालून तर बावीसच्या बावीस तंबोऱ्यांचा एकच गजर.

आणि चाचा? त्यांनी दोन्ही हात फळीवर ठेवले होते आणि डोळे मिटले होते.

“काय बोलतंय रे हे लाकूड!” ते म्हणाले. “भरतेश, ऐकलंस? काय बोलतंय!”

“चाचा, आपल्याला गप्प करायचं होतं,” मी बश्यांचे तुकडे गोळा करत म्हणाले.

चाचांनी डोळे उघडले आणि ओशाळून हसले. “खरंय. पण आम्हाला लहानपणापासून लाकडाला बोलतं करायलाच शिकवलं. गप्प कसं करायचं हे कुणी शिकवलंच न्हाई.”

“बाजूला व्हा दोघंही.”

चाची आली होती. ह्या वेळी रिकाम्या हातानं, म्हणजे ती तक्रारीच्याही पलीकडे गेली होती. तिनं पदर खोचला. “भोपळ्यावर बसवताय त्याला! मी रेल्वेनं तंबोरे पाठवते ना, दिल्लीपर्यंत? वाटेत किती गचके, किती आपटाआपटी. एकाची तार तरी वाजते का? लग्न होऊन आल्यापासून हेच करते मी, वाजणारी वस्तू न वाजवता पोचवते. पण मला विचारेल कोण?”

खरं म्हणजे ते कुणालाच सुचलं नव्हतं. चाचा घडवायचे आणि चाची बांधायची. पेंढा, चिंध्या, काथ्या, गोणपाट असं खोलीभर पसरून ती तंबोरा असा लपेटायची की पेटी जिन्यावरून गडगडली तरी आतला भोपळा हलू नये.

“स्कूटरची ट्यूब आण,” तिनं भरतेशला फर्मावलं. “जुनी चालेल. आणि हवा अर्धीच भर. टम्म फुगवलीस तर टणटण उडेल.”

मग तिनं जमिनीवर दुहेरी गोधडी घातली. तिच्यावर अर्धवट फुगवलेली ट्यूब. ट्यूबवर मोरीशेजारी पडलेला शहाबादी फरशीचा जड तुकडा. फरशीवर जुन्या चादरीची घडी आणि त्या घडीवर डबा. फरशीला बोट लावलं की सगळं पाळण्यासारखं सावकाश झुलायचं.

“हलायचं तिथंच हल म्हणावं,” चाची म्हणाली. “खाली यायचं काम न्हाई. लाव आता.”

भरतेशनं तोच सिनेमा लावला. ठोसा पडला. आवाज होता, चांगला भरदार होता, पण पायाखाली काही नाही. मी जमिनीवर तळवा टेकून बघितला. चाचा खाली जाऊन तंबोऱ्यांपाशी उभे राहिले आणि तिथून ओरडले, “सगळे गप्प! एक पण बोलत न्हाई!”

चाचीनं पदर सोडला. “चहा टाक गं,” ती मला म्हणाली, आणि मी टाकला.

सोमवारी दुपारी लॅबमधून घरी आले तर चाचा दारातच उभे होते. डोळे लाल.

“ये, आत ये. बस. ऐक.”

त्यांनी पंचम छेडला. मला तो गेल्या वेळेसारखाच वाटला. पण चाचांच्या गालावरून पाणी ओघळत होतं.

“उभा राहिला,” ते म्हणाले. “सकाळपासून सरळ उभा आहे. लाईट असून उभा आहे! कान परत आला, त्रिशला.”

आता चाचीला कळलंच होतं. ती पदर तोंडाला लावून रडत होती आणि त्यांना बोलतही होती, “दोन महिने मनात ठेवलंत! मला एका शब्दानं सांगितलं न्हाई!” मी दोघांच्या पाया पडले आणि नाचतच वर आले. म्हटलं, चला, देव पावला.

वर येऊन धूळ पुसायला घेतली. फडकं मारताना हात डब्यावर टेकला आणि तसाच राहिला.

डबा थरथरत होता.

टीव्ही बंद होता. घरात चिटपाखरू नव्हतं. तरी हाताखाली अगदी बारीक थरथर, झोपलेल्या मांजराच्या पोटासारखी. पुढचा लाल दिवा चालू होता. भरतेश रिमोटनं सगळं बंद करायचा, पण डब्याचं स्वतःचं बटण मागे भिंतीकडे होतं, तिथं कधी कुणी हात घालायचं नाही. मी कान लावला. आत कुणीतरी तोंड मिटून एकच सूर धरल्यासारखा आवाज येत होता, कान टेकल्याशिवाय ऐकू न येणारा.

वायरीच्या मागे मागे गेले तर शेवटी माझा कन्व्हर्टर. मी मिक्सर काढला, डब्याचा प्लग तीन पिनांच्या सॉकेटमध्ये घातला. थरथर थांबली. पुन्हा कन्व्हर्टरवर लावला. थरथर सुरू. कन्व्हर्टरला अर्थिंगची तिसरी पिन नव्हती, आणि लॅबमधल्या यंत्रांना अर्थिंग नसलं की ती अशीच घुमतात, हे मला रोजच्या कामातून ठाऊक होतं. घरात आठवलं नव्हतं.

मी मनात हिशेब लावला. कन्व्हर्टर दिवाळीत लावला. पंचम दिवाळीपासून डुलतोय. लाईट गेली की कान येतो, लाईट आली की जातो. काल डबा ट्यूबवर बसला आणि आज पंचम सरळ. चाचांचा कान कुठं गेलाच नव्हता. दोन महिने दिवस-रात्र माझा डबा त्यांच्या छताला धरून एक सूर गुणगुणत होता, नेमका त्यांच्या पंचमाच्या शेजारचा, आणि ते दोन सूर एकमेकांना ढकलत होते. ‘माझा डबा’ म्हणायची ती माझी पहिलीच वेळ.

भरतेश घरी आल्यावर सगळं सांगितलं. तो बराच वेळ डोकं खाजवत राहिला.

“आता झालंय ना सगळं नीट? प्लग तिकडे लाव आणि विषय संपव. म्हाताऱ्या माणसाला सांगून काय मिळणार? आपल्यामुळे दोन महिने रडला हे?”

मला ते पटलं. खोटं कशाला बोलू, अगदी मनापासून पटलं. घर चांगलं, माणसं चांगली, कुणाच्या डोळ्यांतून उतरायची हौस कुणाला असते? दोन दिवस मी जिन्यावरून मान खाली घालून गेले.

बुधवारी संध्याकाळी चाची भेटली. म्हणाली, “उद्या इलियास येतोय हत्यारं न्यायला.”

“का? कान आला ना परत?”

“आला. पण ते म्हणतात, पाहुणा आहे. एकदा गेला तो पुन्हा जाणार. आणि तो कधी गेला हे आपल्याला कळलं न्हाई तर कुणाचा तरी तंबोरा नासेल. ही जोडी द्यायची आणि थांबायचं.” तिनं माझा हात धरला. “थांबले तर जगायचे न्हाईत गं ते. बसून राहणारा माणूस न्हाई.”

रात्रभर माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी मी भरतेशला अर्धी रजा टाकायला लावली.

खाली गेले तेव्हा इलियास आला होता. चहा पीत होता. हत्यारांची कातडी पिशवी चाचांनी तोंडाशी दोरी बांधून, गाठ मारून त्याच्या शेजारी ठेवली होती.

“चाचा, एकदा पंचम छेडा,” मी म्हणाले. “आणि छेडत राहा. थांबू नका.”

“काय गं, काय झालं?”

“छेडा तुम्ही.”

त्यांनी तंबोरा मांडीवर घेतला. मी जाळी काढायच्या काठीनं छतावर एकदा ठोकलं. वर भरतेशनं ट्यूबवरचा डबा उचलून जमिनीवर ठेवला.

चाचांचा चेहरा उतरला. “बघ,” ते इलियासला म्हणाले, “गेला. मी सांगत नव्हतो? डुलतोय बघ.”

इलियास कान देऊन ऐकत होता. “मला तर ठीक वाटतोय, चाचा.”

मी दोनदा ठोकलं. भरतेशनं डबा उचलला.

“आला,” चाचा म्हणाले.

एकदा ठोकलं. “गेला.” दोनदा ठोकलं. “आला.” पुन्हा एकदा ठोकलं. ह्या वेळी चाचांनी आधी माझ्या हातातल्या काठीकडे बघितलं आणि मग छताकडे.

“काय आहे वर?” त्यांनी हळूच विचारलं.

मी सांगितलं. मिक्सर, कन्व्हर्टर, लाल दिवा, सगळं. सांगताना रडत होते, त्यामुळे निम्मं त्यांना कळलं नसेल. “तुमचा कान कधी गेलाच नव्हता, चाचा. माझ्यामुळे झालं. मला सोमवारीच कळलं होतं. मी भ्याले.”

चाचीनं कपाळाला हात लावला होता. चाचा मात्र पंचम छेडतच राहिले. वर डबा जमिनीवर होता, तार डुलत होती, आणि ते ती ऐकत होते.

“इलियास, तुला हे ऐकू येत न्हाई?”

“न्हाई, चाचा. खरंच न्हाई.”

“हमीदा, तुला?”

“मला काय ऐकू येणार! मला तो पण सरळ आणि हा पण सरळ.”

चाचा हसायला लागले. आधी गालातल्या गालात, मग खांदे हलायला लागले, मग तंबोरा मांडीवरून खाली ठेवावा लागला. “या अल्ला! मला वाटलं कान कमी झाला. लई होता गं, लई होता! वरच्या मजल्यावरचा प्लग ऐकत बसला होता!”

त्यांनी इलियासच्या शेजारची पिशवी ओढून घेतली आणि गाठ सोडायला लागले. गाठ घट्ट बसली होती. इलियासच पुढे झाला आणि त्यानं दातानं ती सोडून दिली.

मी प्लग तीन पिनांवर लावते म्हणाले तर चाचा ओरडले, “खबरदार! तो कन्व्हर्टर जपून ठेव. एरवी बंद ठेव, पण फेकू नकोस. त्याच्याशी माझं काम आहे.”

काम कसलं, तर ते असं. रथसप्तमीला मास्तर येऊन जोडी घेऊन गेले. पण त्यानंतर दर नवी जोडी तयार झाली की चाचा पांढरी एकचा एक तंबोरा मांडीवर घ्यायचे आणि काठीनं छतावर एकदा ठोकायचे. आम्ही डबा कन्व्हर्टरवर लावून जमिनीवर ठेवायचा. मग खालून आनंदानं आरोळी यायची, “डुलतोय!” म्हणजे कान शाबूत आहे. दवाखान्यातल्या मशीनवर त्यांचा कधीच विश्वास बसला नाही. भरतेशनं पुढे नवा, मोठा, चांगला डबा आणला, तो पहिल्या दिवसापासून ट्यूबवर बसला. जुना मात्र चाचांच्या कानासाठी ठेवला. आमची दोन पोरं त्या घरात मोठी झाली. पंचम डुलतो म्हणजे काय हे कळायच्या आधी त्यांना एक ठोका म्हणजे डबा खाली, हे कळायचं.

असं बारा वर्षं चाललं.

तेराव्या वर्षी, श्रावणातली एक दुपार. मी एकटीच घरी होते. खालून एक ठोका आला. मी डबा लावला, जमिनीवर ठेवला, वर हात ठेवला. लाल दिवा लागला. खाली पंचम वाजला. एकदा, दोनदा. मग बराच वेळ वाजत राहिला. आरोळी आली नाही.

“ठेवला का गं?” चाचांनी खालून विचारलं.

माझ्या तळव्याखाली डबा थरथरत होता, पहिल्या दिवशी थरथरत होता तसाच.

“त्रिशला? ठेवलास का?”

मी जिन्याच्या तोंडाशी गेले. “चाचा,” मी म्हणाले, “डबा बंद पडलाय हो. लाल दिवाच लागत नाही.”

खाली पंचम आणखी एकदा वाजला आणि थांबला.

“असं होय,” चाचा म्हणाले. “जुना झाला बिचारा. राहू दे. दुरुस्तीला टाकू नकोस.”

त्यानंतर त्यांनी कधी छतावर ठोकलं नाही. जवारीचं काम आपणहून इलियासच्या मुलाकडे सोपवलं आणि स्वतः खुंट्या घासत, गाणी गुणगुणत शेजारी बसून राहायला लागले.

पण त्याच दिवशी संध्याकाळी चाची वर आली. गुडघे दुखायचे म्हणून ती हल्ली जिना चढायची नाही. हातात लाल दोऱ्याच्या झाकणाचं पातेलं होतं. मी म्हटलं, “चाची, आता काय चुकलं आमचं?”

“काही न्हाई,” ती म्हणाली. पातेलं माझ्या हातात दिलं आणि आतल्या खोलीत गेली. डबा तसाच जमिनीवर होता. मी काढायला विसरले होते. चाची वाकली. तिनं त्याच्यावर हात ठेवला आणि थोडा वेळ तशीच राहिली. मग भिंतीपाशी जाऊन कन्व्हर्टर उपटला, पदराच्या टोकात बांधला, आणि माझ्याकडे वळली.

“बंदच पडलाय,” ती म्हणाली. “खीर गरम आहे तोवर खा.”